गाडी कुठे थांबते: कॅमेरा घेऊन अंबोसेली ते मसाई मारा

केनियाच्या फोटो-सफारीची चौकशी सुरू केली की बहुतेक टूरवाले आधी लॉज दाखवतात. तंबूतला बाथटब, जेवणाच्या टेबलावरून दिसणारे झेब्रे, संध्याकाळची शेकोटी. मला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: गाडी कोणती, आणि एका गाडीत माणसं किती. ताडोब्याच्या जिप्सीत सहा जणांत बसून, पुढच्याच्या टोपीवरून लेन्स काढत ज्यांनी वाघाचे फोटो काढलेत त्यांना हे प्रश्न कुणी शिकवावे लागत नाहीत. स्वस्तातल्या सहलीला मिनीबस असते, ती भरलेली असते, आणि प्राणी डावीकडे आला की उजवीकडचे सगळे छतातून माना काढून एकमेकांच्या लेन्स ढकलत बसतात. आम्ही चौघांनी मिळून छत वर उचलता येणारी लँड क्रूझर घेतली. कोल्हापूरचं एक जोडपं, नागपूरचे निवृत्त डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, आणि मी. पैसे जास्त गेले. पण कॅम्प साधा घेऊन गाडी चांगली घ्या, हे मी आजही विचारणाऱ्याला सांगते.

कागदपत्रांचं म्हणाल तर जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आणलंय, ते घरबसल्या होतं. खरी धावपळ पिवळ्या तापाच्या लशीची. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तारीख मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी टोचून घ्यावी लागते. त्याआधी ते पिवळं कार्ड ग्राह्य धरत नाहीत. हे कार्ड भारतात परत येताना लागतंच. नसेल तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. 2016 पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते, एवढं समाधान. काका साठीच्या पुढचे असल्यामुळे त्यांनी आधी स्वतःच्या फिजिशियनशी बोलून घेतलं. स्वतः डॉक्टर असूनही, हे विशेष. मलेरियाच्या गोळ्यांचं पुन्हा वेगळं.

सामान बांधताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि आपल्याला तर चार्जरपासून मोज्यांपर्यंत सगळं कॅरीबॅगेत बांधायची सवय. मी कापडी पिशव्या शिवून घेतल्या. आणि ड्रोन घरीच ठेवायचा. मारात आत जायला छोटं विमान घेणाऱ्यांना 15 किलोची, तीही मऊ बॅगेची अट असते. आम्ही सगळीकडे रस्त्याने गेलो म्हणून तो ताप वाचला. मी दोन बॉडी घेतल्या होत्या, एकीवर 200-600 मिलीमीटरची लेन्स आणि दुसरीवर 70-200. तिथे पोचल्यावर त्या दोन्हीवरच्या लेन्स काढायच्याच नाहीत असं ठरवून. केनियातली कोरडी धूळ पिठासारखी बारीक असते, सेन्सरवर बसली की निघत नाही. लेन्स टेकवायची पिशवी, म्हणजे बीनबॅग, रिकामी नेली आणि नैरोबीत दुकानातून राजमा घेऊन भरली. ट्रायपॉडचा गाडीत काहीच उपयोग नाही, मोनोपॉडही अडचणच करतो. खिडकीच्या कडेवर टाकलेली राजम्याची पिशवी मात्र 600 मिलीमीटरची लेन्स अशी धरून ठेवते की शटर 1/250 वर आणलं तरी चालतं.

आमचे ड्रायव्हर-गाईड पन्नाशी ओलांडलेले, केनियातल्या किकुयू समाजाचे गृहस्थ. कॅम्पवरचे सगळे त्यांना 'म्झे' (स्वाहिलीत वडीलधाऱ्याला मानाने असं म्हणतात) म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. बोलायला कमी. पहिल्या सकाळी त्यांनी फक्त एक प्रश्न केला: तुम्हाला प्राणी बघायचाय की फोटो काढायचाय? दोन्ही, असं कोल्हापूरचे दादा म्हणाले. म्झे हसले आणि गिअर टाकला.

अंबोसेली राष्ट्रीय उद्यान जेमतेम 392 चौरस किलोमीटर. नैरोबीहून मोंबासा रस्त्याने एमालीपर्यंत जायचं आणि तिथून दक्षिणेला वळायचं. 5,895 मीटरचा किलिमांजारो आहे टांझानियात, पण त्याचं रूप बघायचं तर केनियाच्या बाजूनेच. डोंगराकडचं पाणी ज्वालामुखीच्या खडकातून झिरपत खाली येतं आणि या रखरखीत मैदानात दलदल होऊन वर येतं. त्या पाण्यावर इथले हत्ती जगतात. रात्री बाहेरच्या झाडीत, सकाळी रांगेने दलदलीकडे, संध्याकाळी परत, असा त्यांचा पायंडा. हत्ती-संशोधक सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला आणि तो अजून चालू आहे. एकेका कुटुंबाची नोंद, एकेका हत्तीची ओळख. इतक्या वर्षांत गाड्या या हत्तींच्या इतक्या अंगवळणी पडल्यात की गाडी दिसली म्हणून ते वाट बदलत नाहीत.

म्झेंनी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला गाडी एका कोरड्या तळ्याच्या रस्त्यावर नेली आणि इंजिन बंद केलं. आजूबाजूला काही नाही. पांढरी जमीन आणि दूरवर बाभळीची एक रेघ. लांब पलीकडे दोन गाड्या हत्तींच्या एका कळपाजवळ उभ्या होत्या, तिकडे जायचं सोडून आम्ही इथे का, हे आमच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत असणार. म्झे म्हणाले, "ते हत्ती आता दलदलीकडे निघालेत. रस्ता सोडून गाडी नेता येत नाही. मागून गेलो तर तुम्हाला शेपट्या मिळतील. ते इथून रस्ता ओलांडतील." मग त्यांनी खिडकीतून वाळूची चिमूट सोडून वारा बघितला, गाडी साधारण वीस-तीस मीटर मागे घेतली, आणि पुन्हा बंद.

त्या वीस-तीस मीटरचा अर्थ मला नंतर कळला. किलिमांजारो उद्यानाच्या दक्षिणेला. सकाळचं ऊन पूर्वेकडून, म्हणजे हत्तीच्या एका कुशीवर तिरपं. गाडी जिथे आधी होती तिथून डोंगराचं शिखर बाभळीच्या एका उंच झाडाआड अर्धं जात होतं. मागे घेतल्यावर ते मोकळं झालं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवते, कारण गाडीत यावरून चर्चा झाली. वहिनी मोबाइल आणि वाइड लेन्सवर फोटो काढत होत्या आणि डोंगर टेकडीएवढा येतोय म्हणून वैतागल्या होत्या. वाइड लेन्सने जवळचा हत्ती मोठा होतो आणि मागचा डोंगर चिमुकला. हत्ती लांब असतानाच 200 किंवा 300 मिलीमीटरवर काढला की डोंगर त्याच्या पाठीवर येऊन बसतो. म्हणजे या फोटोसाठी हत्ती लांबच हवा, आणि तो समोरून आपल्याकडे चालत यायला हवा. दोन्ही एकदम जमायचं तर आधी जाऊन थांबण्यावाचून गत्यंतर नाही. नऊ वाजेपर्यंत शिखर ढगात जातं, मग संध्याकाळपर्यंत वाट बघा.

कळप आला तो जवळजवळ आवाज न करता. एवढं जनावर चालतंय आणि पावलांचा आवाज नाही. प्रत्येक पाऊल टेकलं की फक्त बोटभर धूळ उडते आणि बाजूला बसते. मी गाडीच्या तळाशी बसून खालच्या खिडकीतून काढत होते, म्हणजे नजर हत्तीच्या गुडघ्याच्या पातळीवर. उघड्या छतातून काढलेला फोटो वरून खाली बघणारा येतो, हत्तीचा सगळा दरारा जातो. पुढची म्हातारी हत्तीण गाडीपासून बऱ्याच अंतरावर थांबली, सोंड उंचावून हवा हुंगली, आणि मागचा सगळा कळप थांबला. एक पिल्लू तिच्या पोटाखालून पुढे यायला बघत होतं, तिने पुढच्या पायानेच त्याला मागे सारलं. मग पोटातून आल्यासारखी एक खोल घरघर ऐकू आली आणि रांग पुन्हा चालू लागली, आमच्या बंपरपासून इतक्या जवळून की 600 ची लेन्स मांडीवर ठेवून द्यावी लागली. 70-200 मध्ये तिची एक पापणी भरली होती. पापणीचे केस बोटाएवढे लांब, आणि प्रत्येकावर धुळीचा थर. काका कॅमेरा खाली ठेवून नुसते बघत होते. "अगं, श्वास घे," मला म्हणाले.

वाटेतल्या नाकुरू तळ्याच्या उद्यानाबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. ज्या फ्लेमिंगोंच्या गुलाबी काठासाठी लोक जायचे, ते फ्लेमिंगो तळ्याचं पाणी वाढल्यापासून पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, बरेच बोगोरिया तळ्याकडे गेले. तळं इतकं पसरलंय की काठचे जुने रस्ते आणि झाडं पाण्यात गेलीत. त्या वाळलेल्या झाडांच्या खोडांवर पाणकावळे बसतात, ते फोटो छान येतात. पांढरे गेंडे मात्र हमखास. उद्यानाला चारी बाजूंनी कुंपण आहे आणि गेंड्यांना त्याचाच आधार. फ्रेममध्ये कुंपण येऊ नये म्हणून कसरत करावी लागते, एवढंच.

मसाई मारा कागदोपत्री राष्ट्रीय उद्यान नाही, नॅशनल रिझर्व्ह आहे. साधारण 1,510 चौरस किलोमीटर, कारभार नारोक काउंटीकडे. सीमेपलीकडे टांझानियाचं सेरेंगेटी, मारापेक्षा नऊपटींहून मोठं. नू (वाइल्डबीस्ट) आणि झेब्र्यांना ही सीमा माहीत नाही, पण आपल्याला तिची किंमत मोजावी लागते. 2024 पासून जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी पाहुण्याला मारात प्रवेशाचेच 200 डॉलर, तेही 12 तासांचे. पहिल्या सहामाहीत ते निम्मे असतात. सेकेनानी गेटवर गाडी कागद करायला थांबली की मसाई बायका खिडकीशी येऊन मण्यांच्या माळा आत धरतात. काच वर करायला म्झेंना आवडत नसे. घ्यायचं नसेल तर नाही म्हणा, पण तोंडावर काच लावू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

मारात बघायला मोकळं असतं, आणि ताडोब्याहून गेलेल्या माणसाला पहिल्यांदा त्याचाच त्रास होतो. बांबूत वाघाचा कान दिसला तरी अंगावर काटा येतो. इथे सिंह एक किलोमीटरवरून दिसतो आणि झोपलेला असतो. सगळे धडाधड फोटो काढत सुटतात. झोपलेल्या सिंहाचे मीही काढले. दुसऱ्या सकाळपासून मात्र आमची गाडी झोपलेल्या सिंहासाठी थांबायची बंद झाली, कुणी तसं ठरवलं नव्हतं तरी.

बायकांसाठी एक सांगायला हवं, कारण कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. सहा वाजता निघालं की स्वच्छतागृह तासन्‌तास मिळत नाही. गाईडला 'टायर बघायचाय' असं सांगायचं, ही तिकडची रीत. तो मोकळी जागा शोधतो, झुडपाभोवती गाडी फिरवून आत काही बसलेलं नाही ना बघतो, आणि मग तुम्ही गाडीच्या मागे. या धास्तीने पाणी कमी पिऊ नका, उन्हात डोकं धरतं.

चित्त्याची मादी आम्हाला वारुळावर दिसली, सोबत दोन पिल्लं. नियम असा की मांजरकुळातल्या प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, आणि मागे कुणी थांबलं असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची. आम्ही चौथे होतो. बघता बघता रेडिओवर बातमी फिरली आणि धुळीचे लोट दिसायला लागले. पाचाच्या दहा झाल्या, मग मी मोजणं सोडलं. दोन गाड्या गवतात उतरल्या, जे रिझर्व्हमध्ये चालत नाही. मादी वारुळावरून उठली, क्षितिजाकडे बघत होती तिथे आता गाड्यांची भिंत होती, पुन्हा बसली. म्झेंनी इंजिन चालू केलं.

"अहो, आत्ता तर आलोय!" दादा म्हणाले.

"तिचं पोट बघा," म्झे म्हणाले. पोट खरोखर आत गेलेलं, बरगड्यांखाली खळगा. "तिला शिकार करायचीय. आपण समोर उभे आहोत."

गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. दादांचा राग मला पटत होता, त्यांनी हे पैसे वर्षानुवर्षं साठवले होते. पण चित्ता दिवसाउजेडी, नजरेने शिकार करतो, आणि जिथे गाड्यांची गर्दी जास्त तिथे त्याची पिल्लं कमी जगतात हे मारातच मोजलेलं आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिथे पर्यटक जास्त तिथल्या माद्यांची एका वेतातली सरासरी 0.2 पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली. जिथे पर्यटक कमी तिथे 2.3. हा आकडा बघितल्यावर 'आमच्या एका गाडीने काय होतंय' हे म्हणणं मला तरी जमत नाही. चित्त्यासाठी जायचं असेल तर रिझर्व्हला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सीत राहा. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेली जमीन, ठरावीकच गाड्या, आणि तिथे रस्ता सोडून जायला परवानगी. महाग आहे.

आता नदी. मारा नदीचं क्रॉसिंग म्हणजे जुलै ते ऑक्टोबरमधला जो तमाशा सगळ्यांना बघायचा असतो तो. दहा लाखांहून जास्त नू सेरेंगेटी-मारात वर्षभर पावसामागे फिरतात आणि या महिन्यांत ही नदी कधी इकडून तिकडे तर कधी तिकडून इकडे ओलांडतात. कधी ओलांडतील हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आम्ही सकाळी आठपासून काठाच्या आत, झाडीत थांबलो होतो. जनावर पाण्यात उतरेपर्यंत गाडीने काठावर यायचं नाही, कारण समोर गाड्या दिसल्या की कळप बिचकतो. नू कड्यावर जमत गेले, पुढचे पाण्यापर्यंत उतरले, पाणी हुंगलं, आणि कुठला तरी एक दचकला की सगळे धुरळा उडवत परत वर. पुन्हा जमले. पुन्हा पळाले. मध्ये आम्ही डब्यातली थंड ऑम्लेट आणि वहिनींनी आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

शेवटी एक झेब्रा उतरला, आणि त्याच्यामागे धरण फुटावं तसा नूंचा लोंढा. त्याच क्षणी पन्नासेक गाड्या एकदम काठाकडे. सगळ्या मधल्या जागेवर, जिथून नू समोरून येताना दिसतात. म्झे उलट दिशेला, नदीच्या वळणावर गेले. तिथून कळप आडवा दिसत होता, आणि ऊन कळपाच्या मागून. मी शटर 1/2000 आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे फोटो थोडा गडद येईल असं, ठेवलं होतं. त्या जागेवरून धूळ सोनेरी पेटलेली आणि त्यातून उड्या मारणारे नूंचे काळे आकार. मधल्या गाड्यांतून हे दिसलंच नसतं, त्यांच्याकडे ऊन पाठीशी होतं आणि धूळ नुसती करडी.

आवाजाची कल्पना फोटोंवरून येत नाही. नूंचं ते हुंकारणं, खुरांखाली घसरणारे दगड, आणि मध्येच पाण्यात धप्प. मगरीने एक वासरू धरलं ते मी व्ह्यूफाइंडरमधून बघितलं आणि बटण दाबून ठेवलं. मग कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी (बफर) भरून तो ठप्प झाला तेव्हाच डोळा वर केला. पैलतीरावर चढायच्या एकुलत्या वाटेच्या तोंडाशी दोन गाड्या उभ्या होत्या. वर आलेले नू गाड्या बघून थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि बरेच परत पाण्यात पडले. मगरींपेक्षा जास्त नू अशा चेंगराचेंगरीत आणि बुडूनच मरतात. 2017 च्या एका अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी 6,250 नू बुडून मरतात. ते नदीला अन्न म्हणून लागतातच, मासे, गिधाडं, मगरी त्यावर जगतात. पण त्या वाटेवर गाड्या उभ्या असणं हा काही निसर्ग नव्हे.

कॅम्पवर वीज ठरावीक तासच असायची. केनियात तीन चौकोनी पिनांचा प्लग. मी एक ॲडॉप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला होता, त्यावर चौघांच्या बॅटऱ्या लागायच्या. रोज रात्री कार्डं दोन डिस्कवर उतरवायची, एक डिस्क माझ्याकडे, दुसरी काकांच्या बॅगेत. जेवण मात्र शाकाहारींसाठीही चांगलं. केनियात गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, चपाती आणि डाळ कुठेही मिळते. शेवटच्या दिवशी बीनबॅगेतला राजमा स्वयंपाकघरात दिला. म्झेंची टिप आम्ही आधीच ठरवून पाकिटात ठेवली होती. ती बक्षीस नव्हे, त्यांच्या उत्पन्नातला मोठा वाटा असतो, तेव्हा बजेटमध्येच धरा.

घरी आल्यावर निवडीला जितके दिवस गेले तितके तिकडेही गेले नसतील. पहिल्या फेरीत फक्त डोळा फोकसमध्ये नाही ते उडवले. दुसऱ्या फेरीत एकाच प्रसंगाच्या फटाफट काढलेल्या मालिकेतून एकच ठेवायचा, बाकी पुसायचे, हात आखडता न घेता. झोपलेले सिंह एका झटक्यात गेले. क्रॉसिंगच्या शेकडो फोटोंतून चार राहिले, आणि ते चारही वळणावरचे. अंबोसेलीची हत्तीण 20 बाय 30 इंचांत छापून घेतली. छपाईवाल्याने डोंगराचा निळा रंग दोनदा गडद केला, तिसऱ्यांदा मी शेजारी उभी राहिले तेव्हा बरोबर आला. मगरीने धरलेल्या वासराचा फोटो तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात धारदार आहे. तो कुठे लावायचा हे अजून ठरलेलं नाही.